मधलीची गाडी का तापते

गाडी चौथ्यांदा तापली ती भर दुपारी, बाजाराच्या तोंडाशी. मागच्या सीटवर शिंपीबाबा आणि त्यांच्याच गल्लीतले आणखी दोघे दाटीवाटीने बसले होते. तिघांनाही आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं, आणि न्यायचं काम मधलीचं. काटा लाल खुणेला भिडला, बॉनेटखालून वाफ निघाली, आणि तिने गाडी कडेला घेतली. इंजिन निवायला दीड तास लागला. तोवर हॉस्पिटलने मशीनवरची त्यांची वेळ दुसऱ्यांना देऊन टाकली होती.

शिंपीबाबा बंद दुकानाच्या पायरीवर बसून होते. "एवढं सांगून ठेवतो," ते म्हणाले, "पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरी गाडी बघू."

"काही हरकत नाही बाबा, तुमचं बरोबर आहे," मधली म्हणाली.

हरकत कशी नाही? त्या तिघांच्या फेऱ्यांवर तिचं घर चालत होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि कमाईला हाताशी उरलं होतं काय, तर वडिलांकडून आलेली एकोणीस वर्षांची ही गाडी. पण समोरच्याला लागेल असं काही बोलायचं नाही, ही खोड तिला लहानपणापासूनची. तिला मधली म्हणतात ते दोन भावांच्या मधली म्हणून. आणि त्या दोन भावांच्या मधे राहायचं म्हणजे जीभ घडी घालून ठेवावीच लागते.

भाऊ दोघेही मेकॅनिक, आणि दोघेही नाकाने कांदे सोलणारे. वडिलांनी मागे ठेवलेल्या एकाच शेडमध्ये दोघांची दोन गॅरेजं आहेत. जमिनीवर मधोमध ऑइलपेंटची पांढरी रेघ. अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. दोघांमधून विस्तव जात नाही. कारण म्हणाल तर अकरा वर्षांपूर्वीचं. एका गिऱ्हाइकाचं इंजिन जाम झालं, त्याने भर शेडमध्ये थोरल्याच्या कानाखाली वाजवली, आणि धाकटा पाना पुसत उभा राहिला. चूक धाकट्याची होती असं थोरला म्हणतो. धाकटा काहीच म्हणत नाही, आणि थोरल्याला तेच जास्त झोंबतं.

तेव्हापासून एकमेकांशी शब्द नाही. जे काही सांगायचं ते मधलीच्या तोंडून. "त्या शहाण्याला सांग, माझा जॅक घेतला तर हात मोडीन." मधली पाच पावलं चालून पलीकडे जाणार आणि सांगणार, "छोट्या, दादाला जॅक लागतोय रे." "त्यांना सांग, जॅक त्यांच्या सासऱ्याचा नाही." परत पाच पावलं. "दादा, तो म्हणतोय आत्ता देतो." अशी ती निरोपातलं विष गाळून उरलेलं पोचवायची, आणि आपण दोघांना सांभाळतोय असं समजायची. फार अभिमान होता तिला त्याचा!

गाडी दाखवण्यातही तिची पाळी ठरलेली होती. एकदा थोरल्याकडे, की पुढच्या वेळी धाकट्याकडे. एकाकडे दोनदा नेली तर दुसरा फुगून बसणार. आणि दोघांची पद्धत अशी, की आधीच्याने काय केलं ते विचारायचं नाही. विचारलं तर कमीपणा येतो ना! एका रोग्याला दोन डॉक्टर, आणि एकमेकांची चिठ्ठी वाचायची नाही अशी दोघांची शपथ. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा.

पहिल्यांदा तापली तेव्हा थोरल्याने थर्मोस्टॅट बदलला. "आता बर्फासारखी राहील." चार दिवस राहिली. मग धाकट्याने पाण्याचा पंप बदलला आणि वर हसला, "थर्मोस्टॅट बदलतात! पंप कोण बघणार?" पुन्हा तापली. थोरल्याने रेडिएटरचं झाकण आणि रबरी पाइप बदलले. पुन्हा तापली. गाडी सुधारेना, पण दोघांची मिजास वाढत चालली. आणि दोघांनीही निदान एकच केलं: दोष दुसऱ्याच्या कामात आहे.

"पंखा बघितलास का?" तिने धाकट्याला विचारलं होतं.

"पंखा फिरतोय ना? डोळ्यांनी दिसतंय. तू गाडी चालव, ताई."

थोरल्याला विचारलं, तर तोही तेच. "फिरतोय ना पंखा? मग?"

बाजाराच्या तोंडाशी फजिती झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मधली शेडमध्ये गेलीच नाही. घराच्या दारातच गाडी सुरू ठेवली, बॉनेट उघडलं आणि स्टूल घेऊन समोर बसली. घोडं कुठं पेंड खातंय ते आज आपणच बघायचं. मोकळ्या रस्त्यावर काटा जागचा हलत नाही, गर्दीत सरपटायला लागलं की चढतो, एवढं चालवणारीला ठाऊक होतं. त्या दोघांना तिने ते दहा वेळा सांगितलंही होतं, पण बहिणीचं ऐकेल तो मेकॅनिक कसला.

काटा वर आला, पंखा सुरू झाला, आणि तिच्या गुडघ्यांवर गरम वारा आला.

ती दचकली. गाडीच्या पुढून वारा बाहेर का यावा? रेडिएटरमधून हवा आत ओढायची आणि इंजिनाकडे फेकायची, एवढंच तर पंख्याचं काम. तिने डॅशबोर्डवरचा हॉस्पिटलचा कागद आणला आणि जाळीसमोर धरला. जाळीला चिकटायच्या ऐवजी तो फडफडला आणि हातातून उडून गटारात पडला. पंखा फिरत होता, अगदी जोरात फिरत होता, आणि उलटा फिरत होता. गर्दीत गाडीला वाऱ्याचा आधार फक्त पंख्याचा, आणि तोच चुकीच्या अंगाने फुंकत होता. मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा त्याला पुरून उरत होता.

ती तशीच शेडवर गेली, गाडी रेघेवर उभी केली, दोन चाकं अलीकडे, दोन पलीकडे, आणि ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा त्या शेडमध्ये ओरडली.

"पंखा उलटा कोणी केला?"

दोघेही आले. थोरल्याने वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा तापला. "पंख्याची मोटर जळली होती, तेव्हा मी दुसऱ्या गाडीची बसवली. ती उलटी फिरते, म्हणून वायरी मुद्दाम अदलाबदल करून जोडल्या होत्या. लाल काळ्याला. आता कोणी सरळ केल्या?" बोलत होता तो मधलीशी, पण नजर रेघेपलीकडे.

"मी केल्या," धाकटा मधलीला म्हणाला. "उलट्या दिसल्या, सरळ केल्या. आणि तेव्हाच निरोप दिला होता. सांग त्यांना. म्हटलं होतं की नाही, पंख्याच्या वायरी उलट्या जोडल्यात, डोळे तपासून घ्या म्हणावं?"

म्हटलं होतं. मधलीला ते लख्ख आठवलं. अडीच महिन्यांपूर्वी, याच जागी. पाच पावलं चालून ती थोरल्याकडे गेली होती आणि म्हणाली होती, "छोट्या म्हणतोय, गाडी छान चाललीये." डोळे तपासण्याचं गाळलं, ते ठीक. पण त्याच्याबरोबर वायरीही गाळल्या.

"मला कोणी सांगितलं नाही," थोरला म्हणाला.

"मी हिला सांगितलं होतं," धाकटा म्हणाला.

आणि मग थोरल्याने मान वळवून सरळ धाकट्याकडे पाहिलं. "ही असंच करते का रे नेहमी?"

"नेहमीच करत असणार, दादा."

अकरा वर्षांनी दोघे भाऊ बोलले, आणि बोलले ते तिच्याविरुद्ध. मग थांबेचनात. जॅकचं निघालं, आईच्या आजारपणातलं निघालं, कोण कधी काय म्हणालं होतं आणि काय पोचलं ते सगळं निघालं. "हिनेच आपल्याला खेळवलं," थोरला म्हणाला, आणि धाकट्याने मान डोलावली. मधलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. तुमच्या शिव्या मी गिळल्या, म्हणून हे छप्पर अजून उभं आहे, असं तिला म्हणायचं होतं. पण वायरींचा निरोप गिळला होता, हेही खोटं नव्हतं. तिने पक्कड उचलली, दोघांच्या मधून हात घालून वायरी स्वतः बदलल्या आणि जुनं वर्तमानपत्र जाळीसमोर धरलं. ते जाळीला घट्ट चिकटलं. कोणी शाबास म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या गर्दीत वीस मिनिटं अडकूनही काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. मागून शिंपीबाबांनी विचारलं, "काय झालं होतं शेवटी?"

एखादी वायर सैल होती म्हणून सांगता आलं असतं. पण तिने सगळं सांगितलं, भाऊ, रेघ, निरोप, सगळं. "तुमची वेळ माझ्यामुळे गेली, बाबा."

हॉस्पिटलचं फाटक आलं. गाडी थांबल्यावर शिंपीबाबा म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. माझ्या सुनेने परवाच दुसरी गाडी ठरवली, आमच्या तिघांसाठी. तुम्हाला कसं सांगावं ते कळत नव्हतं. सोमवारपासून येऊ नका."

"काही..." मधलीच्या तोंडात आलं होतं. ते तिने तिथेच थांबवलं.

"हरकत आहे," ती म्हणाली. "गाडी आता नीट झालीये, आणि तुम्ही मला दोन दिवस अंधारात ठेवलंत. मला वाईट वाटलंय, बाबा, आणि रागही आलाय."

शिंपीबाबांनी दाराच्या मुठीवरचा हात तसाच ठेवला. मग उतरले, आणि बाकीचे दोघेही त्यांच्या मागोमाग आत गेले.