ऐकणाऱ्या बाई

बाई कोड वाचत नसत, ऐकत. खुर्ची खिडकीकडे वळवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "वाच." मग मी संगणकाच्या पडद्यावरची एकेक ओळ मोठ्यानं वाचायचे. कंस, स्वल्पविराम, शून्य, सगळं. खालच्या बेकरीतून खारी भाजल्याचा वास जिन्यानं वर यायचा, पंखा संथ फिरायचा, आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कुठल्याशा यंत्राला द्यायच्या आज्ञा मी नगरमधल्या त्या लहानशा खोलीत पोथीसारख्या वाचत बसायचे. मध्येच बाईंचं बोट वर व्हायचं. "इथं अडखळलीस. लिहिणाराही इथंच अडखळला असणार. परत वाच." बहुतेक वेळा चूक तिथंच सापडायची.

बाई मूळच्या मिरजगावच्या. तरुणपणी दूर दक्षिणेत एका संशोधन केंद्रात उपग्रहांसाठी सॉफ्टवेअर लिहीत होत्या. आई आजारी पडली तेव्हा नगरला आल्या आणि आई गेल्यावरही परत गेल्या नाहीत. शास्त्रज्ञांना सल्ला द्यायचा, त्यांचे प्रोग्राम लिहून किंवा तपासून द्यायचे, हा त्यांचा व्यवसाय. ऑफिसात आम्ही दोघीच. मी श्रीगोंद्याची. इथं येण्याआधी साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळलेलं, एवढाच काय तो अनुभव. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "उसाचं वजन चुकलं तर शेतकरी भांडायला येतो. उपग्रह येत नाही. म्हणून त्याला जास्त जपायचं."

काम घेऊन कुणी आलं की बाई यंत्राचं काहीच विचारायच्या नाहीत. "ते राहू द्या. तुम्हाला बघायचंय काय?" एकदा ढगांचा अभ्यास करणारे एक वयस्कर गृहस्थ आले होते. आकडे सांगता सांगता ते लहानपणी माळावर बघितलेल्या एका ढगाबद्दल बोलायला लागले, आणि बाई चहा निवेपर्यंत ऐकत राहिल्या. संध्याकाळी गावाकडच्या भावाला फोनवर सांगत होत्या, "दादा, आज ढग मोजनारं मानूस आल्तं. लई गोड मानूस." गावाशी बोलताना त्यांची भाषा अशी अलगद पायातली चप्पल काढून ठेवायची.

मग एका उपग्रहाचं काम आलं. एका कॉलेजातल्या संशोधकांनी बनवलेला, बुटाच्या खोक्याएवढा. कोरडवाहू जमिनीत किती ओल आहे हे वरून मोजण्यासाठी. तो आपल्या कर्जत-जामखेडवरूनही जाणार म्हणून बाई हरखल्या होत्या. बॅटरी लहान, म्हणून त्याचा रेडिओ दिवसातून ठरलेल्या वेळीच जागा व्हायचा. त्या वेळांचा तक्ता मी तयार केला. बाईंनी तपासला. उपग्रह ठरल्याप्रमाणे वर गेला, आणि गप्प झाला.

संशोधक त्यांच्या गच्चीवरच्या अँटेनातून रोज हाका मारत होते. उत्तर नाही. नवव्या दिवशी त्यांच्या प्रमुखांचा फोन आला. आवाज थकलेला. "बाई, तो गेला असंच आम्ही धरतोय."

"मला दोन दिवस द्या," बाई म्हणाल्या. फोन ठेवला, खुर्ची वळवली. "तक्त्यापासून वाच."

मी वाचायला लागले. चौथ्या की पाचव्या ओळीवर माझी जीभच उचलेना. तक्त्यात मी सगळ्या वेळा आपल्या घड्याळाच्या लिहिल्या होत्या. उपग्रहाचं घड्याळ जागतिक वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे.

"बाई, माझी चूक आहे," मी कसंबसं सांगितलं.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग चेहरा एकदम उजळला. "अगं, म्हणजे तो गेलेला नाही! आपण हाक मारतो तेव्हा तो झोपलेला असतो, आणि तो जागा होतो तेव्हा आपण गप्प."

उपग्रहाची आपल्यावरून जायची वेळ रोज थोडी सरकते. त्याची चुकलेली जागं होण्याची वेळ आणि आपल्या डोक्यावरून जाण्याची वेळ कधीतरी जुळणारच होती. बाई तोंडी गणित सांगत गेल्या, मी कागदावर मांडत गेले. गुरुवार, दुपारी चार वीस. जेमतेम सात मिनिटं.

संशोधकांना स्वतःच्या नावानं जाणारं पत्र बाई मला सांगत होत्या. 'तपासणी माझी होती. चूक माझ्या नजरेतून सुटली.' मी पुढं लिहीना. "वेळा मी लिहिल्यात, बाई."

"तुझी चूक धरायलाच मी होते ना?" त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, मला अक्षरं नीट दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. प्रोग्राम तुझ्याकडून वाचून घेते, पण तक्त्यावर नुसती नजर टाकली आणि बरोबर म्हणाले. तेवढं एकदाच ऐकलं नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "लिही पुढं."

गुरुवारी दुपारी आम्ही आमचा संगणक इंटरनेटवरून त्यांच्या अँटेनाशी जोडून घेतला. चार वीसला हाक गेली. स्पीकरमधून नुसती खरखर. एक मिनिट, दोन मिनिटं. बाईंनी माझा हात धरला होता. आणि त्या खरखरीतून बारीक, टोचून टोचून येणारा एक आवाज वर आला. फोनवर पलीकडे माणसं ओरडायला लागली, कुणी तरी रडत होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "शहाणा गं माझा." तेवढ्यात मी नवीन तक्ता वर पाठवला.

वर्षभरात बाईंची नजर जवळजवळ गेली. ऑफिस माझ्या हवाली करून त्या मिरजगावला भावाकडे राहायला गेल्या. सुरुवातीला मी काही अडलं तरच जायचे. अंगणात बाजेवर बसून त्या उत्तर सांगायच्या, वर आकाशाकडे तोंड करून, आणि ज्वारीवरून येणाऱ्या वाऱ्यात आम्ही दोघी नंतर नुसत्याच बसून राहायचो. मला उगीच वाटायचं, आपण त्यांना त्रास देतोय. म्हणून अडचणी साठवून मगच जायचे.

एकदा दादा मला हायवेपर्यंत सोडायला आले. एसटी दिसल्यावर, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमी येऊन गेल्या ना, की ती दोन दिवस लई बोलती. मग परत गप व्हती."

आता मी एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी जाते. काम असो वा नसो.