आईची पाठराखीण

नाशिकहून निघताना माझ्याकडे एक वही, तीन पिशव्या आणि आठ दिवस होते. तेवढ्यात यवतमाळ जिल्ह्यात चार कामं उरकायची होती. यवतमाळला लेक सईचा पदवीदान समारंभ, पांढरकवड्याला चुलतबहिणीच्या मुलाचं लग्न, उमरखेडला मामेभावाच्या मुलीचं लग्न आणि शेवटी पुसदच्या घरातलं सामान बांधून आईला कायमचं नाशिकला आणायचं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरली आणि दोन तास कुणाला कळलं नाही. ती एकटी आणि मी एकुलती, म्हणून चौथं काम वहीत लाल शाईनं लिहिलं होतं. फोनवर तिला बेत सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "तू म्हनशीन तसं." इतक्या झटपट मिळालेल्या होकाराचा मला खरं तर संशय यायला हवा होता.

यवतमाळच्या स्टँडवर ती माझ्या आधी हजर होती. पुसदहून पहिल्या एसटीनं आलेली, मांडीवर डबा. "तुह्या गाडीले लय उशीर झाला," म्हणाली आणि तिथेच बाकावर भाकरी-तिळाची चटणी हातावर ठेवली. समारंभात सई काळा झगा घालून स्टेजवर आली तशी आईनं मला कोपरानं ढोसलं.

"पोट्टी (मुलगी) वकिलीन झाली का वं?"

"शेतकीची पदवी आहे आई."

"चार वर्सं शिकून मातीच उकराची होती, तं माह्यासंगं वावरात (शेतात) नसती का आली?" पण सईनं ते गुंडाळलेलं प्रमाणपत्र हातात दिलं तेव्हा आईनं ते पदराखाली धरलं आणि भाड्याच्या जीपमध्ये बसेपर्यंत सोडलं नाही.

सईच्या वसतिगृहातल्या दोन पेट्या टपावर बांधून आम्ही तिघी पांढरकवड्याकडे निघालो. मार्च लागलेला. वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) शेतांत काड्यांसारख्या उभ्या होत्या, पुढे सागाचं पानं झडलेलं जंगल आणि मध्येच एखादा पळस, नुसता केशरी. मंगल कार्यालय हमरस्त्याला लागूनच होतं. ट्रकांच्या हॉर्नवर मंगलाष्टकं आणि मंगलाष्टकांवर हॉर्न.

इथे माझी शिस्त मला नडली. अहेराच्या पिशव्यांना मी नंबर टाकले होते. दोनऐवजी तीन नंबरची पिशवी उघडली आणि नवरदेवाच्या हातात उमरखेडच्या नवरीची हिरवी साडी गेली. तो बिचारा साडी छातीशी धरून फोटोला उभा! मी वही काढेपर्यंत आईनं निकाल लावून टाकला. "असू दे. साडी त्याची बायको नेसन. त्याचं कापड उमरखेडच्या जावयाले देऊ. दोघंबी नवेच हायेत, कोनाले समजते?"

उमरखेडला मांडव मोठा, पंगत त्याहून मोठी. आलू-वांग्याची झणझणीत भाजी, वरण-भात, बुंदी आणि मठ्ठा. जेवणं झाली, पाठवणी जवळ आली आणि पाठराखीण (सासरी पहिल्या खेपेला नवरीसोबत जाणारी बाई) कोण, हा विषय निघाला. मामेभाऊ थेट आईकडे आला.

"आत्या, तूच चाल. आपल्या घरच्या सगळ्या पोरींसंगं तूच गेलती."

आई पदर सावरून उठलीसुद्धा. मी म्हटलं, "दादा, परवा टेम्पो यायचाय, सगळं बांधायचं बाकी आहे. दुसऱ्या कुणाला पाठव ना."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवर परत बसली. "बरं," म्हणाली.

नवरीची धाकटी मावशी गेली. मी वहीत पाहून हिशेब जुळल्याचं समाधान मानलं. पुसदपर्यंतच्या रस्त्यात आई खिडकीबाहेर पाहत राहिली. तिला झोप आली असावी, असं मी समजले.

पुसदचं घर दोन खोल्यांचं, पण बांधायला घेतलं की घर वाढतं. सई खोक्यांवर नंबर लिहीत होती, मी यादी करत होते. अकरा नंबरला पितळी डबे, सतराला अंथरुणं. उंबऱ्यावर झमकूबाई चहा पीत बसली होती. गावाबाहेरच्या तांड्यावर (बंजारा वस्तीवर) तिचं घर. तीस वर्षं या गल्लीत भाजी विकून ती आईच्याच उंबऱ्यावर टेकते.

"सारं घर घेऊन चालली तुही पोरगी," ती आईला म्हणाली. मग सईपुढे पाठ केली. "माह्याबी पाठीवर एक नंबर चिटकव वं. अठरा."

सई खळखळून हसली. आई हसली नाही. ती पाटावर बसून होती, समोर रिकामं खोकं. देवघरातलं एकही भांडं तिनं आत ठेवलं नव्हतं.

"आई, एवढंच राहिलंय."

"नवरीले पहिल्या दिवशी सगळं दाखवतेत," आई खोक्याकडे पाहत म्हणाली. "देव्हारा दाखवतेत, मोरी दाखवतेत. पन तिले तहान लागली तं पानी कोनाले मांगावं, थे नाई समजत. लाजते. म्हनून पाठराखीण लागते. थे नवरीच्या वतीनं पानी मांगते." मग तिनं विचारलं, "माह्यासंगं कोन येऊन राह्यलं?"

"मी आहे ना आई!"

"तू तं सासरची वं."

माझ्या हातात वही होती. त्यात टेम्पोवाला, गॅसची नोंदणी, डॉक्टर, नाशिकच्या घरात न्हाणीला बसवलेला कठडा, सगळं होतं. आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. वही मिटली. तोंडून आपोआप वऱ्हाडीच आलं. "आई, येतं का माह्या घरी? तुह्यासंगं कोनाले आनू?"

तिनं उंबऱ्याकडे पाहिलं. झमकूबाईनं कप खाली ठेवला.

"याडी! (आई गं!) मले? नाशिकले?"

"तिले असं उंबऱ्यावर नाई सांगत," आई मला दटावून म्हणाली. "घरी जाऊन बोलावनं कर."

संध्याकाळी खण, नारळ आणि कुंकवाचा करंडा घेऊन मी तांड्यावर गेले. झमकूबाईच्या सुनेनं अंगणात बाज टाकली. मी कुंकू लावून रीतसर बोलावणं केलं. झमकूबाईनं ओटी घेतली आणि सुनेला ऐकू जाईल असं म्हणाली, "होळी झाली, आता रिकामीच हाओ मी. पाच दिवस घर सांभाळ. बोलावनं आलं मले."

परत आले तेव्हा देवघर रिकामं होतं आणि खोकं भरलेलं.

टेम्पो पुढे, आमची जीप मागे. दोघी म्हाताऱ्या मागच्या सीटवर, मध्ये भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. वाटेत कुठलं शेत कसं पिकलंय यावर त्यांचं एकदाही एकमत झालं नाही.

नाशिकला आल्यावर पाच दिवस झमकूबाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन मागत राहिली. "बाईले पानी दे. माठातलं, फ्रिजचं नको." "बाईले चहात आलं जास्त लागते." "बाईले सकाळी दार उघडं लागते." यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. पाचव्या दिवशी साडी नेसवून तिला बसमध्ये बसवलं. निघताना दोघींपैकी कुणी रडलं नाही, दोघी भाजीच्या भावावर बोलत होत्या.

बसस्टँडवरून घरी परतले तेव्हा आई दारातल्या खुर्चीवर बसली होती, दार उघडं. मी चपला काढत होते.

"आली का वं? पानी दे मले पहिले," ती म्हणाली. "माठातलं. लय ऊन हाये तुह्या गावात."

मी पाणी दिलं. ती सावकाश प्यायली आणि तांब्या माझ्या हातात दिला. मग मी वही काढून चौथ्या कामापुढे टिक केली.