दुर्गाडीच्या काठाला आलेली हाक

मंडळी, भुताखेतांच्या गोष्टी मी चवीने वाचते, पण विश्वास म्हणाल तर शून्य. आई दाराला लिंबू-मिरची बांधायला घ्यायची आणि त्यातलं लिंबू मी सरबतासाठी पळवायचे, असा माझा परमार्थ! तरीही हे लिहितेय... कारण तो आवाज डोक्यातून जात नाही, आणि राग तर त्याहून जात नाही.

माझं माहेर कोलशेतचं. बाबा तरुणपणी होडीने मीठ घेऊन कल्याणला जायचे. परत आले की खाडीतूनच हाक मारायचे — "दोर धर रंऽऽ!" ही हाक माझ्या दादासाठी. तो जेवत असला तरी उष्ट्या हाताने काठावर पळायचा, "आलो बाबा, आलो!" हे उत्तर ऐकल्याशिवाय बाबा होडीचा दोर फेकायचेच नाहीत. झेलायला कोणी नसेल तर दोर चिखलात जातो, त्यापेक्षा थांबलेलं बरं, म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचा गेली. पुढे घर रीडेव्हलपमेंटला गेलं, दादा-वहिनी बाबांना घेऊन कोलशेतमध्येच भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले, आणि दादाने बाबांसाठी बदलापूरच्या पुढे एक वृद्धाश्रम शोधला.

"त्यांना आता काय कळतंय? इथे काय नि तिथे काय," म्हणाला.

मी म्हटलं, मी डोंबिवलीला नेते. माझ्या नवऱ्याने तर हॉलमधला सोफा काढून पलंगही लावला होता.

"मुलगा असताना बाप पोरीकडे? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

म्हणजे बाप परक्यांच्या दारात टाकला तर तोंड शाबूत, सख्ख्या बहिणीकडे दिला तर काळं. धन्य ते तोंड!

सोमवारी आश्रमात न्यायचं ठरलं आणि आदल्या दिवशी, रविवारी, दादाने पिकनिक काढली. बाबांना होडीतून कल्याण दाखवायचं म्हणे. बोकडाला कापायच्या आधी हार घालतात ना, तसंच. गावातल्या नारायणकाकांची इंजिनाची होडी घेऊन सकाळी भरतीबरोबर निघालो — मी, दादा, वहिनी, आणि पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा. मुंब्र्याचा डोंगर मागे पडला, मोठागावचा पूल गेला. वहिनी इडल्या वाटत होती, दादा सेल्फी काढत होता. बाबा नुसते पाण्याकडे बघत होते.

कल्याणचा दुर्गाडी किल्ला जवळ आला तसं काठाला लागायला काकांनी इंजिन बंद केलं. वहिनी किल्ल्याचा व्हिडिओ काढायला लागली. दादा फोनवर आश्रमवाल्यांशी बोलत होता, "हो हो, उद्या आणतोच. नाही हो, त्रास कसला... त्यांना काहीच समजत नाही."

आणि मागून, पाण्यावरून हाक आली.

"दोर धर रंऽऽ!"

आवाज बाबांचाच — पण तरुणपणीचा, खणखणीत. मी बाबांना अगदी खेटून बसले होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. मागे वळून पाहिलं तर ना होडी, ना माणूस.

आणि दादा? फोन टाकून उठला, "आलो बाबा, आलो!" म्हणत काठ यायच्या आधीच त्याने उडी मारली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला.

"कोन वरडला रं?" नारायणकाका पांढरेफटक पडले होते. "ह्यो तं तुमच्या बाबाचा गला!"

"कोणी नाही ओरडलं," दादा पँट झटकत म्हणाला. "पाय सरकला माझा."

"अरे, तू उत्तर दिलंस त्यांना!" मी म्हटलं.

"वेडी झालीस का गं? मी काय बोललोच नाही."

बाबा त्याच्याकडेच बघत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"त्यांना सगळं कळतंय दादा, उद्याचं रद्द कर. पाया पडते तुझ्या."

"वाऱ्याने येतंय पाणी. ठरलंय ते ठरलंय."

दुसऱ्या दिवशी, मी कोलशेतला पोचायच्या आत, तो बाबांना घेऊन गेलासुद्धा.

वहिनीने तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला होता. दादाने तिला डिलीट करायला लावला, पण तोवर मी सेव्ह केला होता. इयरफोन लावून कितीदा ऐकलाय. हाक त्यात नाहीच! पाण्याची खळखळ आहे, दादाचं "त्यांना काहीच समजत नाही" आहे, मग थोडा वेळ शांत... आणि एकदम दादाचं, लहानपणीसारखं, "आलो बाबा, आलो!"

नवरा म्हणतो, भास झाला असेल. असेलही. पण मला, दादाला आणि नारायणकाकांना, तिघांना एकाच वेळी, त्याच हाकेचा? मला आजही उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा.

मी दर रविवारी आश्रमात जाते. घरी नेते म्हटलं तर आश्रमवाले म्हणतात, कागदांवर सही मुलाची आहे, त्यालाच यावं लागेल. बाबा फाटकाकडे तोंड करून बसलेले असतात. त्यांना "आलो बाबा" असं उत्तर मिळालंय ना, म्हणून दादाची वाट बघत थांबलेत. दादा अजून एकदाही आलेला नाही.