सस्पेंड झालेला लॅपटॉप

२०२४ साल होतं आणि मी एकाहत्तरचा. शाळा चौथीतच सुटली, पण माझं त्यावाचून कधी काही अडलं नाही. रिठदच्या घरात बसून सूनबाई पुण्याच्या हापिसाचं काम लॅपटॉपवर करायची. त्यात तिनं लिनक्स टाकलेलं. फुकट मिळतं म्हणे. एकदा झाकण लावलं की तो गडी परत उठायचाच नाही. बटन दाबून मारायचा, मग पुन्हा जिवंत करायचा. असं करता करता ती दोनदा मीटिंगमधून गायब झाली. साहेबानं बजावलं, आता परत असं झालं तर पुण्यात येऊन बसा. ती गेली की पोरगाही जाणार. घरात उरणार मी अन् मांजर.

"झालं काय त्याले?" मी विचारलं.

"मामाजी, तो सस्पेंड होते अन् मंग उठतच नाही."

"सस्पेंड? लाच खाल्ली काय त्यानं?"

ती हसली नाही. मीही हटलो नाही. "अवं, सस्पेंड झालेला माणूसही अर्धा पगार खाऊन कामावर रुजू होते. याले तेवढंही जमत नाही?"

रिसोडच्या दुकानदारानं लॅपटॉप न उघडताच निदान केलं, "चाचा, लिनक्स निकालो, विंडोज डालो." म्हणजे जावई झोपेतून उठत नाही, तर जावईच बदला! मी लॅपटॉप काखेत मारून परत आलो.

शेवटी सूनबाईनंच इंटरनेट धुंडाळलं. लिनक्सच्याही आधी मशीनचा स्वतःचा एक प्रोग्राम जागा होतो, फर्मवेअर. खोट तिथं निघाली. चालू होताना एक बटन दाबून तिनं निळं पान उघडलं. त्यात झोपेचे दोन प्रकार : एक विंडोजचा, एक लिनक्सचा. कारखान्यानं विंडोजचा लावून ठेवलेला.

"म्हंजे झोपेच्याही दोन पंगती?"

"हो ना मामाजी. आपला बसला होता दुसऱ्याच पंगतीत."

"मंग त्याले उठा कोण म्हणन?"

आता मात्र ती खळखळून हसली. लिनक्सची झोप लावून तिनं झाकण बंद केलं. "सकाळी पाहू. नाही उठला तर मी पुण्याले जाते." पोरानं तर पुण्याची गाडी धरायला वाशिमपर्यंत जीपही सांगून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी उठायच्या आत मी झाकण उघडलं. पडदा उजळला आणि पासवर्ड मागू लागला. तो मला ठाऊक नव्हता, अन् विचारायची गरजही नव्हती. चपला घातल्या, स्टँडवर गेलो आणि जीपवाल्याला सांगितलं, "आमच्या घरचं कोणी येत नाही. दुसऱ्या सवाऱ्या बसव."