बाही कापायची नाही

बायको गेली तेव्हा तिच्या शिलाई मशीनच्या बॉबिनवर तिनेच भरलेला निळा दोरा होता. मी मशीनवर चादर टाकली आणि सुनेला बजावलं, याला हात लावायचा नाही. एकदा तिने उशीचा अभ्रा शिवायला मशीन काढलं, तर मी ओरडलो. तो दोरा संपला की बायकोच्या हातचं काय उरणार?

आम्ही धुळ्याकडचे. सायली नावाच्या गावातल्या कंपनीत माझी नोकरी झाली. गावाकडून नवीन पोरं यायची, ठेकेदार सगळ्यांना एकाच मापाचा शर्ट द्यायचा. बाही बोटांच्या खाली. कंपनीच्या मशीनमध्ये सैल बाही अडकली की हात जातो. मग पोरं बायकोकडे यायची. ती बाही आत दुमडून शिवायची, कापायची मात्र नाही. म्हणायची, पोरगं वाढेल अजून. पुढे तीच पोरं शिवण उसवायला यायची.

परवा रविवारी दुपारी मुलाने टीव्हीवर लढाईचा सिनेमा लावला. परदेशातला, पण हिंदीत बोलणारा. लढाई हरल्यात जमा, मोठी माणसं संपलेली, म्हणून शाळेतली पोरं धरून आणलेली. मिसरूड नाही फुटलेलं. बंदूक खांद्यावरून घसरते, कोटाच्या बाह्या लोंबतात.

"अरे, त्याची बाही तरी दुमडा कोणी!" मी बोललो.

मुलगा हसला. "बाबा, ती मरायला चाललीत. बाहीचं काय घेऊन बसलात?"

"तेच म्हणतो. वाढणारच नाहीत, मग माप कोण घेतो?"

शेवटी एकच पोरगं उरलं. त्याचीही बाही तशीच.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत नवा आलेला नंदुरबारचा पोरगा दारात उभा. नुकती अठरा पुरी, हातात कंपनीचा शर्ट.

"इथे आजी बाही शिवून देतात म्हणे?"

सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी गेल्या, भाऊ. बाजारात टेलर आहे, तो कापून देईल."

"कापायची नाही," मी म्हणालो. "आण इकडे."

चादर काढली. मला मशीनला तेल घालणं तेवढं येतं, तरी शिवायला मीच बसलो.

सून हळूच म्हणाली, "बाबा, बॉबिन बदलू का? माझ्याकडे दोरा आहे."

"राहू दे. शर्ट निळाच आहे."

दुसरी बाही अर्धी झाली आणि दोरा संपला. उरलेली सुनेने तिच्या दोऱ्याने पुरी केली.

पोरगा म्हणाला, "आजोबा, ही तुमची वाकडी झाली."

"हात बाहेर राहतो ना? मग घाल गप. आखूड झाली की ये, उसवून देऊ."