नव्या मेमरीची हौस

"आधी मशीनला बोलू द्या, मग तुम्ही बोला." दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत आमचे काँप्युटर दुरुस्तीवाले असंच करायचे. मग काँप्युटरचं झाकण उघडायचं, आतली मेमरीची पट्टी उपसायची आणि शाळेतल्या साध्या खोडरबरानं तिची सोनेरी कड हलक्या हातानं पुसायची. पट्टी परत बसवली की दहातली सात मशीनं सुरू व्हायची. "न्या. फक्त मळलं होतं," म्हणायचे. मशीनबद्दल बोलतायत की मालकाबद्दल, हे त्यांचा चेहरा कळू द्यायचा नाही.

कसबा पेठेतलं त्यांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. दोन माणसं आली की तिसऱ्यानं बोळात उभं राहायचं. मी बहुधा तिसरा. माझा धंदा मराठी मजकूर जुळवण्याचा: लग्नपत्रिका, स्मरणिका, प्रबंध. सांगताना मात्र मी 'काँप्युटर क्षेत्रात आहे' असं सांगायचो. तेव्हा घरटी एक पोरगं हिंजवडीला जात होतं. आपणही त्याच क्षेत्रातले म्हटलं की लग्नकार्यात पुढची खुर्ची मिळायची.

त्यातच मला डीडीआर थ्रीचं वेड लागलं. ही नव्या पद्धतीची मेमरी, जुनीपेक्षा वेगवान, एवढीच माझी अक्कल. पण मंडईत भाजी घेतानासुद्धा मी ते नाव घेऊन दाखवलंय. ओळखीचे एक काका म्हणाले, "कशी दिली जुडी?" तरी मी सुधारलो नाही.

माझ्याकडे त्या वेळी एक मोठं काम होतं. एका निवृत्त शिक्षिकेनं तांबट, कुंभार, बुरूड अशा कारागिरांच्या तोंडचे शब्द अकरा वर्षं दारोदार फिरून गोळा केले होते. त्यांचा सहाशे पानांचा कोश मी जुळवत होतो. बाईंची नजर झपाट्यानं चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. "दिसतंय तोवर छापून हातात द्या हो," एवढंच त्या म्हणायच्या.

तर अशा वेळी मी जिन्याखाली जाऊन उभा राहिलो.

"अहो, मेमरी बदलायची. नवी टाका."

"कशाला?"

"वेग कमी पडतो."

"मिनिटाला किती शब्द टाइप करता आपण?"

"तीस तरी होतात."

"मग मशीन तुमच्यासाठी खोळंबलंय. तुम्ही मशीनसाठी नाही."

बोळातला माणूस फिस्सकन हसला. त्यांनी मात्र पुढे मला नीट समजावलं. नवी पट्टी जुन्या बोर्डात बसत नाही, म्हणजे अख्खं मशीनच बदलावं लागणार. नव्याला मागे तो लांबोडका प्रिंटर पोर्ट नसतो. "मग तुमचं लॉक कुठे खोचणार?" लॉक म्हणजे आमच्या मराठी सॉफ्टवेअरची किल्ली. अंगठ्याएवढा तो ठोकळा त्या पोर्टात खोचलेला नसेल, तर सॉफ्टवेअर चालत नाही आणि मराठी अक्षर उमटत नाही. हे सगळं मी ऐकलं, म्हणजे कान तिकडे होते. डोक्यात एकच घोळत होतं: चारचौघांत माझी फजिती केली.

दुसऱ्याच आठवड्यात मी एका झगमगीत दुकानात शिरलो. थंडगार हवा, गुळगुळीत फरशी आणि 'सर, सर' करणारी माणसं. पुण्यात जन्म गेला, पण सर म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. तिथेच विरघळलो. सगळ्या फायली सीडीवर घेतल्या, जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलं आणि नवं मशीन मांडीवर घेऊन रिक्षातून ऐटीत घरी आलो.

मग लॉक हातात धरून त्या मशीनला तीन प्रदक्षिणा घातल्या. खोचायला जागाच नाही. फाइल उघडली, तर बाईंच्या शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं नि कंस. सॉफ्टवेअरची कंपनी केव्हाच बंद पडलेली. धावत झगमगीत दुकानात गेलो. "सर, जुनी मशीनं लगेच भंगारात जातात." तेवढ्यात बाईंचा फोन. "कुठवर आलं?" "होतच आलंय, बाई," मी म्हणालो. मला रडायला येत होतं.

दोन दिवस तोंड लपवून शेवटी जिन्याखाली गेलो. टोमणे झेलायची पूर्ण तयारी करून. बाईंच्या कोशाचं आणि डोळ्यांचं सगळं सांगितलं.

"जुनं मशीन?" त्यांनी विचारलं.

"दिलं."

त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. पुणेकर हाताशी आलेला टोमणा सोडून देतो, तेव्हा प्रकरण किती गंभीर असतं हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. ते उठले आणि टेबलाखालचं स्वतःचं मशीन त्यांनी बाहेर ओढलं. गिऱ्हाइकांचा प्रत्येक भाग ते त्यावरच तपासायचे. त्याच्या मागे तो लांबोडका पोर्ट होता.

"हे न्या."

"आणि तुमचं काम?"

"लोक थांबतील. बाईंचे डोळे थांबायचे नाहीत." मी हात पुढे केला, तर म्हणाले, "तुम्ही नको. पाडाल." स्वतः उचलून माझ्या घरी आणलं, लॉक खोचलं, सॉफ्टवेअर चढवलं. पहिलं पान मराठीत उमटलं तेव्हा माझ्याआधी त्यांनीच हुश्श केलं.

दीड महिना ते मशीन माझ्याकडे होतं. लोक थांबले नाहीत. मी बोळातून जायचो तेव्हा ते रिकाम्या टेबलाशी बसलेले असायचे. "कितवं पान?" एवढंच विचारायचे.

पुस्तक झालं. बाईंनी भिंग धरून पहिलं पान वाचलं आणि मग कितीतरी वेळ नुसत्या पानांवरून हात फिरवत बसल्या. समारंभात मला शाल मिळाली, नारळ मिळाला. मी मशीन परत केलं. त्यांना पुस्तकाची प्रत द्यायची मात्र राहून गेली. त्यांनी ती विकत घेतली, असं पुढे कळलं.

तीनेक वर्षांनी ते गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. वहिनींनी आतून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला तो कोश आणला.

"आल्यागेल्याला दाखवायचे. हा आपल्या मशीनवर झालाय, म्हणायचे. मी एकदा विचारलं, मग तुमचं नाव कुठंय यात? तर म्हणाले, असेल की कुठेतरी, एवढं जाडजूड पुस्तक आहे. मला काही सापडलं नाही. तुम्ही जरा काढून देता?"

ऋणनिर्देशाचं पान बाईंनी माझ्यावर सोपवलं होतं. "मला आता लिहिलेलं दिसायचं नाही, तुम्हीच सगळ्यांची नावं घाला," म्हणाल्या होत्या. मी घातली होती. छापखान्याचं, बांधणी करणाऱ्याचं, चहावाल्याचंसुद्धा. माझं स्वतःचं ठळक टाइपात. जिन्याखालून आलेल्या त्यांच्याच मशीनवर बसून.

मी पुस्तक हातात घेतलं आणि पानं उलटायला लागलो. वहिनी समोर बसून वाट बघत होत्या.