टीजरमधले माझे दोन सेकंद

हसू नका म्हणून सांगून उपयोग नाही, पण निदान तोंडातला चहा तेवढा गिळून घ्या. माझी फजितीच तशी आहे!

आमची पल्लवी जुळे सोलापुरातून टेंभुर्णीला दिली. लग्नानंतर महिन्याभरानं तिनं मोबाईलवर लग्नाचा टीजर पाठवला. आजकाल फोटोवाले लग्नाचापण पिक्चर काढतात की! मी चष्मा पुसून बसले. हळद, अक्षता, पल्लवीचे डोळे... आणि अचानक मी! स्लो मोशनमध्ये. बहिणीच्या कानाला लागलेली, बोट विहीणबाईंकडं, ओठ उघडायलेत... आणि धडाम्! सगळं काळं.

मी मोबाईल पटकन पालथा ठेवला. कारण तेव्हा मी काय बोलले, ते मला पक्कं आठवत होतं. "सुमे, विहीणबाईंच्या अंबाड्यात नक्की नारळ असणार बघ. ओटी भरायला बरं, वेगळी पिशवी नको!"

मुलीच्या आईनं असं बोलावं का? गेले बोलून!

लगेच फोन लावला. "पल्लू, संपला ना गं व्हिडिओ?"

"अगं, हा नुसता टीजर. थेटरात नाही का, आधी जरासं दाखवतात, कळू काहीच देत नाहीत. ट्रेलर रविवारी येणारे."

"त्यात काय वेगळं असतंय?"

"सगळंच! गोष्ट कळते, कोण कुणाला काय म्हणालं, डायलॉग..."

"डायलॉग?"

"मग! इथं सगळे टीव्हीवर बघणारेत. तुम्हीपण या जेवायला."

चार दिवस घास उतरेना. डोळे मिटले की पल्लवी बॅग घेऊन दारात उभी! ह्यांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मी तुला ओळखत नाही म्हणून सांगीन."

शेवटी फोटोवाल्याला गाठलं. "दादा, तेवढी मला काढून टाका की."

"काय काकू! तोच शॉट लई भारी आलाय. ट्रेलरमध्ये अजून मोठा घेतलाय."

मेले!

रविवारी टेंभुर्णीत हॉलभर पाहुणे. जावईबापू टीव्हीला मोबाईल जोडायले. राहवेना. विहीणबाईंना स्वयंपाकघरात ओढलं, हात धरले आणि नारळ, ओटी, पिशवी, सगळं भडाभडा सांगून टाकलं. "ट्रेलरमध्ये ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका. राग माझ्यावर काढा, पोरीवर नको."

त्यांनी नुसता अंबाड्याला हात लावून बघितला. "चला, बगू तर," म्हणाल्या.

ट्रेलर लागला. आणि त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत काय होतं सांगू? सनई! नुसती सनई! एका माणसाचा एक शब्द नाही. डायलॉगवाला पिक्चर माझ्या एकटीच्या डोक्यात चालला होता!

माझा शॉट आला तर मी विहीणबाईंकडं बोट करून अशी गोड हसायलेय, की त्यांच्या जाऊबाई म्हणाल्या, "बगा, विहिणीवर किती माया हाय!"

विहीणबाई माझ्याकडं बघत होत्या. मी छताकडं.

निघताना त्यांनी मला सगळ्यांसमोर पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं, खण दिला, तांदूळ घातले. मग ताटाकडं बघून थांबल्या.

पल्लवी म्हणाली, "अहो आई, नारळ राहिला की!"

"व्हय की," म्हणत त्यांनी हात डोक्यामागं नेला. "थांबा हां विहीणबाई, अंबाडा सोडते."